काउंटीची प्राधान्ययादी: पाणी-सांडपाण्याबाबत काय मागायचं आणि कुणाकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे: वॉशिंग्टन राज्यात शहराच्या हद्दीबाहेर घर घेतलं आहे. पाणी बोअरवेलचं, सांडपाणी सेप्टिक टाकीत. राज्य विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनासाठी काउंटी आपली प्राधान्ययादी ठरवते आहे आणि पाणी-सांडपाण्याच्या नियमांवर रहिवाशांचं म्हणणं मागवलं आहे. ही यादी म्हणजे नेमकं काय, तिच्यात काय घालायला सांगावं, आणि आपलं म्हणणं खरंच कुठे पोहोचतं का?

पोहोचतं, पण योग्य दारावर गेलं तरच. काउंटीला स्वतःच्या अधिकारात जे करता येत नाही आणि राज्याने कायदा बदलल्याशिवाय किंवा पैसा दिल्याशिवाय जे होणार नाही, तेवढंच या यादीत शोभतं. प्रत्यक्षात मात्र सुनावणीला येणाऱ्या बऱ्याच मागण्या काउंटीच्याच आरोग्य मंडळाने एका बैठकीत निकालात काढण्याजोग्या असतात, किंवा राज्याच्या एखाद्या खात्याच्या नियमातल्या असतात. अशी मागणी यादीत घातली की ती राज्याच्या राजधानीत, ऑलिंपियाला जाते, समितीतले आमदार 'हे आमच्याकडे का आणलं?' असं विचारतात आणि वर्ष फुकट जातं. म्हणून आधी दारं ओळखायची.

काउंटीची तुलना आपण सहज जिल्हाधिकारी कार्यालयाशी करतो, ती चुकते. काउंटीचे कारभारी निवडून आलेले असतात, त्यामुळे ती जिल्हा परिषदेच्या अधिक जवळची. वॉशिंग्टनमध्ये ३९ काउंट्या आहेत. बहुतेक ठिकाणी तीन निवडून दिलेले कमिशनर सगळा कारभार पाहतात. किंग, पिअर्स, स्नोहोमिश, व्हॉटकॉम, क्लॅलम, सॅन व्हान आणि क्लार्क या सात काउंट्यांनी मात्र स्वतःची सनद करून घेतली आहे, म्हणजे कारभाराची रचना स्वतः ठरवली आहे. काउंटीच्या 'ऑर्डिनन्स'ला मराठीत अध्यादेश म्हणू नये, गोंधळ होतो; तो आपल्याकडच्या उपविधीसारखा असतो. वॉशिंग्टन राज्याच्या घटनेच्या ११व्या अनुच्छेदातील ११वं कलम काउंटीला स्वच्छता आणि आरोग्याचे स्थानिक नियम करण्याचा अधिकार देतं, फक्त ते राज्याच्या सर्वसाधारण कायद्यांच्या विरोधात जाता कामा नयेत. हा अधिकार बराच मोठा आहे, आणि लोकांना वाटतो त्याहून कितीतरी कमी वापरला जातो.

पहिलं दार म्हणजे स्थानिक आरोग्य मंडळ. दिवसाला ३,५०० गॅलनपर्यंत सांडपाणी येणाऱ्या सेप्टिक यंत्रणा याच्या ताब्यात असतात. ३,५०० ते १ लाख गॅलनच्या यंत्रणा राज्याच्या आरोग्य खात्याकडे आणि त्याहून मोठ्या पर्यावरण खात्याकडे, म्हणजे 'इकॉलॉजी'कडे जातात. तुमच्या घराचा आराखडा पहिल्याच गटात येतो: दोन किंवा कमी बेडरूमसाठी दिवसाला २४० गॅलन आणि पुढच्या प्रत्येक बेडरूममागे १२० गॅलन धरतात, म्हणजे चार बेडरूमचं घर ४८० गॅलनचं. राज्याच्या नियमांना आधार धरून स्थानिक मंडळ त्याहून कडक नियम करू शकतं. सैल करू शकत नाही. तपासणी अहवाल ऑनलाइन मागवायचे का, फी किती घ्यायची, टाकी उपसणाऱ्या ठेकेदारांना परवाना देताना कोणत्या अटी घालायच्या, हे सगळं इथे ठरतं. यासाठी विधिमंडळाकडे जायची गरज नाही. २०२२च्या जुलैपासून या मंडळांत निवडून आलेल्यांच्या बरोबरीने बिगर-निवडून आलेले सभासदही बसतात. त्यांच्यात सार्वजनिक आरोग्यातले जाणकार असतात, सामान्य रहिवासीही असतात. त्यांच्याशी तांत्रिक मुद्द्यावर बोलणं कमिशनरशी बोलण्यापेक्षा सोपं जातं.

दुसरं दार राज्याच्या नियमांचं. सेप्टिकचे राज्यव्यापी नियम दहा सदस्यांचं राज्य आरोग्य मंडळ करतं, विधिमंडळ नाही. जानेवारी २०२४मध्ये या मंडळाने नियमांची मोठी सुधारणा मंजूर केली; तिचा बराचसा भाग १ एप्रिल २०२५पासून लागू झाला. घर विकताना सेप्टिकची तपासणी करण्याची राज्यव्यापी अट १ फेब्रुवारी २०२७पासून येते आहे. एखादी अट अव्यवहार्य वाटत असेल तर आमदाराकडे धाव घेण्याआधी नियम बदलण्याचा अर्ज करावा. तो कोणीही नागरिक करू शकतो, वकील लागत नाही, आणि ६० दिवसांच्या आत खात्याला किंवा मंडळाला लेखी उत्तर द्यावंच लागतं: एकतर नियम बदलण्याची प्रक्रिया सुरू करा, नाहीतर नकाराची कारणं द्या. अर्जात नियमाचा क्रमांक, आजचं वाक्य, तुम्हाला हवं ते वाक्य आणि कारण इतकं पुरतं. नकार आला तरी त्यातली कारणं कामाची असतात. 'कायद्यानेच आमचे हात बांधले आहेत' असं मंडळाने लिहून दिलं, तर मागणी तिसऱ्या दारावर नेण्यासाठी याहून चांगला कागद मिळणार नाही.

तिसरं दार म्हणजे विधिमंडळ. प्राधान्ययादी खरी याच्यासाठी असते.

आता सेप्टिककडे येतो, कारण ग्रामीण काउंटीत सांडपाण्याचा प्रश्न म्हणजे मुख्यतः सेप्टिकचाच प्रश्न. नुसती टाकी आणि उतारानं वाहत जाणारं शोषक क्षेत्र, म्हणजे ड्रेनफील्ड, असेल तर मालकाने दर तीन वर्षांनी तपासणी करायची. पंप, पाणी मुरवण्यासाठी रचलेला वाळूचा ढिगारा, वायुवीजन किंवा आणखी काही असेल तर दरवर्षी. नियम स्पष्ट आहे, पण अंमल फार विस्कळीत. अनेक काउंट्यांकडे जुन्या यंत्रणांच्या नोंदीच अपुऱ्या आहेत. १९७०च्या आधीच्या घरांत टाकी कुठे पुरली आहे हेही कधीकधी शोधावं लागतं. नोंद नाही तर आठवणपत्र जात नाही, आठवणपत्र नाही तर तपासणी होत नाही, आणि बिघाड कळतो तो थेट अंगणात पाणी वर आल्यावर.

बिघाड बहुधा टाकीत सुरू होतो आणि शोषक क्षेत्रात उघडा पडतो. टाकीत तळाला गाळ बसतो, वर तेलकट साय तरंगते आणि मधलं तुलनेनं निवळ पाणी बाहेर पडतं. गाळ वाढला, किंवा बाहेर जाणाऱ्या नळीचा बॅफल, म्हणजे गाळ-साय अडवणारा आडोसा, झिजून तुटला, की घन पदार्थ चरांत जातात. तिथे मातीवर जिवाणूंचा काळा चिकट थर दाट होतो आणि पाणी मुरेनासं होतं. बाहेरच्या तोंडाला गाळणी बसवलेली असेल तर ती चोंदते आणि पाणी घरात उलटतं. हे त्रासदायक खरं, पण गाळणीने आपलं काम केलेलं असतं. ती काढून धुवायची असते, काढून फेकायची नसते. दुसरं कारण पाण्याचा अतिभार: गळका फ्लश, एकाच दिवशी धुण्याचे सहा घाणे, छपराचं पावसाचं पाणी चरांवर सोडणं. तिसरं, चरांवरून गाडी किंवा ट्रॅक्टर नेल्यानं दाबली गेलेली माती. आपल्या स्वयंपाकघरांसाठी एक वेगळी सूचना: तळणीचं तेल, तूप आणि सिंकखालच्या ग्राइंडरमधून जाणारी भाताची शितं, डाळीचा साका यांनी साय आणि गाळ दोन्ही झपाट्याने वाढतात. ग्राइंडर वापरत असाल तर टाकी अधिक वेळा उपसावी लागेल हे गृहीत धरा.

हे सगळं धोरणाच्या चर्चेत का आणायचं? कारण मागणीचा रोख कुठे ठेवायचा ते यावरून ठरतं. वेळेवर तपासणी आणि उपसा काही शे डॉलरात होतो. शोषक क्षेत्र नव्याने बांधायचं तर खर्च दहा हजारांच्या पटीत जातो, आणि जागा अपुरी, भूजल उथळ किंवा किनारा जवळ असेल तर आणखी वर. साधी बँक अशा दुरुस्तीला सहसा कर्ज देत नाही. दंडाची भीती घातली की मालक बिघाड लपवतो. तक्रार करण्याआधी पैशाची सोय दिसली तर तो स्वतःहून फोन करतो. म्हणून काउंटीच्या यादीतली सर्वांत उपयोगी ओळ माझ्या मते हीच असते: सेप्टिक दुरुस्तीच्या कर्जयोजनेला भांडवली अर्थसंकल्पात कायम आणि पुरेशी तरतूद. राज्याची खाती आणि सहभागी काउंट्या मिळून 'क्राफ्ट३' या बिगर-नफा संस्थेमार्फत असं कर्ज देतात. कमी उत्पन्नाच्या घरांना व्याज कमी लागतं. तुमची काउंटी या योजनेत सहभागी आहे का, हा पहिला प्रश्न सुनावणीत विचारा. नसेल, तर तो निर्णय काउंटीचाच आहे आणि त्यासाठी ऑलिंपियाकडे बोट दाखवता येणार नाही.

प्यूजेट साउंड या राज्याच्या पश्चिमेकडच्या सागरी खाडीच्या काठावरच्या १२ काउंट्यांवर आणखी एक जबाबदारी आहे. २००६च्या कायद्याने त्यांना किनाऱ्याजवळच्या नाजूक भागांत प्रत्येक सेप्टिक शोधून, तपासून, नादुरुस्त असलेली दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. शिवाय कालवं-शिंपले काढण्याचं क्षेत्र प्रदूषणामुळे बंद झालं किंवा त्याचा दर्जा उतरवला गेला, तर काउंटीला १८० दिवसांत त्या भागासाठी संरक्षण-जिल्हा, म्हणजे प्रदूषण रोखण्यासाठी आखलेलं खास क्षेत्र, स्थापावा लागतो. जबाबदारी कायद्याने दिली, पैसा मात्र दर दोन वर्षांनी मागावा लागतो. 'राज्याने स्थानिक संस्थांवर नवा कार्यक्रम लादला तर त्याचा खर्च भरून द्यावा' असं राज्याच्या कायद्यातच एक कलम आहे, ४३.१३५.०६० हा त्याचा क्रमांक. मागणीच्या कागदावर तो लिहा. न्यायालयात जाण्यासाठी नाही, पण अर्थसमितीत तो क्रमांक उच्चारला की चर्चेचा सूर बदलतो.

बोअरवेलचं प्रकरण वेगळं आहे आणि इथे गैरसमज अधिक. 'माझ्या जमिनीतलं पाणी माझं' हे वॉशिंग्टनमध्ये खरं नाही. पाणी राज्याचं, वापराचा हक्क 'आधी वापरणाऱ्याला आधी' या तत्त्वाने. घरगुती विहिरींना परवान्यातून सूट आहे: दिवसाला ५,००० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे १८,९०० लिटर, आणि अर्ध्या एकरापर्यंत बिगर-व्यापारी बाग. पण सूट परवान्याच्या अर्जापुरती आहे, ज्येष्ठतेच्या क्रमातून नाही. २००२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बिल्डरने एका वसाहतीत घरागणिक विहीर खणून प्रत्येकीला वेगळी सूट मागता येणार नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये हर्स्ट प्रकरणात, ज्यात व्हॉटकॉम काउंटी पक्षकार होती, न्यायालय आणखी पुढे गेलं: बांधकाम परवाना देताना कायद्याने पाणी खरोखर उपलब्ध आहे का हे काउंटीनेच पाहायचं, राज्याच्या खात्यावर भिस्त ठेवून मोकळं व्हायचं नाही. अनेक काउंट्यांत ग्रामीण घरांचे परवाने अडकले.

यावर उपाय म्हणून १८ जानेवारी २०१८ला विधिमंडळाने प्रवाह-पुनर्भरणाचा कायदा (नव्या घरगुती विहिरींना वाट, पण नद्या-ओढ्यांचा प्रवाह राखण्यासाठी अटींसह) मंजूर केला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर राज्यपालांची सही झाली. त्याचे आकडे तुमच्या कामाचे आहेत. या कायद्यात येणाऱ्या खोऱ्यांत नव्या विहिरीसाठी ५०० डॉलर फी. त्यातले १५० काउंटीकडे राहतात, ३५० इकॉलॉजीकडे जातात, आणि पाणीमर्यादेची नोंद मिळकतीच्या कागदावर चढते. स्नोहोमिश, सीडर-सॅमॅमिश, ग्रीन, पुयालप, डेशूट्स, किटसॅप अशा खोऱ्यांत वापराची मर्यादा वार्षिक सरासरी दिवसाला ९५० गॅलन. दुष्काळ जाहीर झाला तर इकॉलॉजी ती ३५० वर आणू शकते. निस्क्वाली, चेहेलिस, ओकानोगन, कॉलव्हिल वगैरे आधी आराखडा झालेल्या खोऱ्यांत ती ३,००० गॅलन आहे. 'वार्षिक सरासरी' हे शब्द नीट वाचा: ९५० गॅलन म्हणजे वर्षाला ३,४६,७५० गॅलन, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये बागेला अधिक देऊन हिवाळ्यात कमी वापरलं तरी चालतं. नूकसॅक खोऱ्यात २०२०मध्ये इकॉलॉजीने वेगळा नियम केला: नव्या घराला आतल्या वापरासाठी दिवसाला ५०० गॅलन आणि बाहेर एकराचा बारावा हिस्सा. म्हणजे एकाच राज्यात, एकाच प्रकारच्या घराला, खोऱ्यागणिक मर्यादा वेगळी, आणि ती कधी कायद्यातून येते तर कधी नियमातून. तुमचं खोरं कोणतं आणि तुमच्या मिळकतीवर कोणती नोंद आहे हे काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून आधी काढा. त्याशिवाय 'मर्यादा वाढवा' किंवा 'मर्यादा कडक करा' असं म्हणण्याला अर्थ नाही.

या कायद्यात १५ वर्षांत ३० कोटी डॉलर द्यायचा विधिमंडळाचा इरादा लिहिलेला आहे. इरादा म्हणजे तरतूद नव्हे. रक्कम प्रत्येक द्वैवार्षिक भांडवली अर्थसंकल्पात नव्याने पडावी लागते. यादीत घालण्याजोगी दुसरी ओळ ती. तिसरी, १५० डॉलरचा हिस्सा. विहिरीची कागदपत्रं तपासणं, नोंद चढवणं आणि मालकाला समजावून सांगणं यांत काउंटीच्या माणसाचे किती तास जातात ते मोजून दाखवलं, तर हिस्सा बदलण्याची मागणी वजनदार होते. मोजमाप नसेल तर ती नुसती कुरकुर वाटते.

विहिरीच्या पाण्याच्या गुणवत्तेबद्दल एवढंच: एकाच घराची विहीर केंद्राच्या पेयजल कायद्याखाली येतच नाही. वर्षातून एकदा कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेटची चाचणी मालकानेच करून घ्यायची. नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम, आर्सेनिकची १० मायक्रोग्रॅम. दोन ते चौदा जोडण्यांच्या छोट्या सामायिक योजनांवरही केंद्राचं नियंत्रण नाही, त्या राज्य आणि काउंटीवर सोडलेल्या आहेत. तुमचं पाणी शेजाऱ्यांच्या सामायिक विहिरीचं असेल, तर तिची देखरेख काउंटी करते की राज्य, हे लेखी विचारून ठेवा.

आता हमखास येणारी मागणी: 'आमच्याकडे सीवर आणा.' सीवर म्हणजे सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी. इथे भावना समजते, पण कायदा आडवा येतो. विकास-नियंत्रण कायद्यानुसार शहरी वाढीच्या हद्दीबाहेर सीवर नेता येत नाही, अपवाद एवढाच: आरोग्य, सुरक्षितता आणि पर्यावरणाच्या रक्षणासाठी ते आवश्यक असलं, ग्रामीण घनतेत आर्थिकदृष्ट्या परवडणारं असलं, आणि त्यामुळे शहरी वस्ती वाढणार नसली तर. थर्स्टन काउंटीला कूपर पॉइंट भागात सीवर न्यायचं होतं. २००२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अडवलं, कारण ही आवश्यकता पुरेशी सिद्ध झाली नव्हती. 'आवश्यक' हा शब्द तिथे निर्णायक ठरला. म्हणून ज्या वस्तीला खरोखर सीवर हवं आहे तिथे आधी दोन-तीन हिवाळ्यांचे नमुने हवेत: किती यंत्रणा नादुरुस्त, ओढ्यात किती ई-कोलाय, दुरुस्तीला जागाच नाही अशा किती मिळकती. जुन्या जागी नव्या घराइतकी अंतरं पाळता येत नाहीत तेव्हा दुरुस्तीसाठी सवलतीचं वेगळं कोष्टक नियमांत आहे, त्यामुळे 'जागा नाही' हे म्हणणं त्या कोष्टकावर घासून पाहावं लागतं. हे केल्यावरही अडलं, तरच कायद्यातल्या अपवादाची भाषा बदलण्याची मागणी यादीत घाला. तिला शहरी पसाऱ्याची भीती असणाऱ्यांचा विरोध होईल, आणि तो विरोध निराधार नसतो.

मोठ्या मैलाशुद्धीकरण केंद्रांवर सध्या नायट्रोजनचा वाद आहे. नेहमीचं दुय्यम शुद्धीकरण सेंद्रिय घाण काढतं, पण विरघळलेला नायट्रोजन बहुतांशी तसाच सोडतं. तो काढायचा तर आधी हवा देऊन अमोनियाचं नायट्रेट, मग हवेविना त्या नायट्रेटचा वायू करावा लागतो. टाक्या मोठ्या लागतात, वीज लागते, कधी बाहेरून कार्बन घालावा लागतो. ऑलिंपियाजवळच्या लॉट केंद्रात हे नव्वदच्या दशकापासून चालू आहे, म्हणजे तंत्र नवं नाही. इकॉलॉजीने १ जानेवारी २०२२पासून प्यूजेट साउंडमध्ये पाणी सोडणाऱ्या ५८ केंद्रांना एकच सर्वसाधारण परवाना लावला. फेब्रुवारी २०२५मध्ये प्रदूषण नियंत्रण अपील मंडळाने ठरवलं की तो असा सक्तीने लावता येत नाही. तुम्ही सेप्टिकवर असाल तर हा खर्च थेट तुमच्या बिलात येत नाही. पण तुमच्या टाकीतून उपसलेला गाळ शेवटी अशाच एखाद्या केंद्रात जातो, त्यामुळे उपशाचा दर वाढेल तेव्हा कारण इथे शोधा.

पैशाबद्दल एक तांत्रिक पण फार महत्त्वाची गोष्ट: शुल्क आणि कर. काउंटीला कर लावायला कायद्याचा स्पष्ट आधार लागतो, आणि मालमत्ता कराची वार्षिक वाढ साधारण १ टक्क्याला बांधलेली आहे. शुल्क लावणं सोपं असतं, पण १९९५च्या कोव्हेल निकालाप्रमाणे न्यायालय तीन गोष्टी पाहतं: हेतू नियमनाचा आहे की केवळ पैसा उभारण्याचा, पैसा त्याच कामाला जातो का, आणि भरणाऱ्याचा त्या सेवेशी किंवा त्याने टाकलेल्या भाराशी थेट संबंध आहे का. सेप्टिकवर वार्षिक शुल्क लावायचं असेल तर हिशेब असा मांडावा. समजा काउंटीत ३०,००० सेप्टिक आहेत, आणि तीन तपासनीस, संगणक-नोंदी, वाहनं धरून वर्षाला ४,५०,००० डॉलर लागतात. भागाकार १५ डॉलर. मग विचारायचं की न भरणाऱ्यांचं काय, कमी उत्पन्नाच्या घरांना सूट दिली तर ती तूट कुठून भरायची, आणि वसुलीसाठी घरावर बोजा चढवायचा का. हे आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या काउंटीचे खरे आकडे आरोग्य विभागाकडून सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागता येतात.

कर लावायचा अधिकार आधी राज्याकडून घ्यावा लागतो, याचं ताजं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या सफक काउंटीत आहे. तिथे साडेतीन लाखांहून अधिक घरं सीवरशिवाय आहेत आणि त्यांतल्या नायट्रोजनने खाड्या बिघडल्या. जुन्या शोषखड्ड्याच्या जागी पुन्हा तसाच खड्डा बांधायला काउंटीने १ जुलै २०१९पासून आपल्याच आरोग्यसंहितेने बंदी घातली; त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. पण विक्रीकरात अष्टमांश टक्का वाढ करून निधी उभारायला राज्याचा कायदा आणि मग जनमत दोन्ही लागलं. २०२३मध्ये काउंटी विधिमंडळाने प्रस्ताव मतदानाला जाऊच दिला नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये तो मतदारांनी मंजूर केला आणि मार्च २०२५पासून कर लागू झाला. आपल्या अधिकारातलं आधी करून टाकलं आणि उरलेल्यासाठी राज्याकडे गेले, हा क्रम वॉशिंग्टनच्या काउंट्यांनीही घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. राज्याकडे हात पसरताना 'आम्ही आमच्या बाजूने हे केलं' म्हणता येणं फार मोलाचं असतं.

मागणीचं वाक्य कसं असावं? 'काउंटी स्वच्छ पाण्याला पाठिंबा देते' असं बहुतेक याद्यांत असतं. त्याला कोणी विरोध करत नाही, म्हणूनच त्यावर कोणी काम करत नाही. त्याऐवजी: 'भांडवली अर्थसंकल्पात सेप्टिक दुरुस्ती कर्जयोजनेची सध्याची तरतूद कायम ठेवावी आणि अमुक रकमेने वाढवावी; आमच्या काउंटीत गेल्या वर्षी इतक्या नादुरुस्त यंत्रणा नोंदल्या गेल्या, त्यांतल्या इतक्या मालकांना कर्ज नाकारलं गेलं; संबंधित खातं अमुक; काउंटीने स्वतः इतका वाटा उचलला.' कोणता अर्थसंकल्प किंवा कोणतं कलम, किती रक्कम, कोणतं खातं, आणि पुरावा, एवढं एका परिच्छेदात यायला हवं. पाण्याच्या विषयावर तीनपेक्षा जास्त मागण्या नकोत. बाकीच्या 'पाठिंबा आणि लक्ष ठेवणे' या दुय्यम यादीत टाकाव्यात. काउंटीतल्या मूळ अमेरिकी जमातींच्या शासनांशी मसुदा आधीच बोलून घेतला नसेल तर पाण्याची मागणी पुढे सरकत नाही. पाण्याचे आणि माशांचे करारसिद्ध हक्क त्यांचे आहेत, आणि त्यांचा विरोध शेवटच्या आठवड्यात कळणं सर्वांत महागात पडतं.

वेळापत्रक यादीपेक्षा कमी महत्त्वाचं नाही. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं: विषम वर्षी १०५ दिवसांचं, त्यात दोन वर्षांचा अर्थसंकल्प होतो, सम वर्षी ६० दिवसांचं, त्यात फक्त पुरवणी. म्हणून मोठ्या पैशाची मागणी विषम वर्षासाठी ठेवावी, सम वर्षात छोटी दुरुस्ती. पण राज्याची खाती आपल्या अर्थसंकल्पी मागण्या त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये देतात आणि राज्यपालांचा प्रस्ताव २० डिसेंबरपर्यंत येतो. तुमची मागणी खात्याच्या कागदात हवी असेल तर उन्हाळ्यातच बोलणी व्हायला हवीत. नोव्हेंबरमध्ये काउंटीने यादी मंजूर केली तर ती केवळ आमदारांसाठी उरते. विधेयकं डिसेंबरच्या सुरुवातीपासून आगाऊ दाखल होतात. लोकसभेसारख्या खालच्या सभागृहाची १००० पासून आणि सिनेटची ५००० पासून क्रमांकित असतात. विषम वर्षी अडकलेलं विधेयक पुढच्या सम वर्षी पुन्हा जिवंत होतं, त्यामुळे नवं मागण्याआधी जुनं पडून आहे का ते पाहा.

काउंटीच्या सुनावणीत तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतील. नियमित बैठकीत अंतिम निर्णय होणार असेल तर त्याआधी जनतेचं म्हणणं ऐकणं २०२२पासून कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या वाक्यात मागणी, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात ती कोणत्या दारावरची आहे ते. आणि सगळं एका पानावर लेखी देऊन ठेवा, कारण मसुदा लिहिणारा कर्मचारी बैठकीनंतर कागदच पाहतो. पुढे विधेयक समितीत आलं की सुनावणी सुरू होण्याच्या एक तास आधीपर्यंत ऑनलाइन 'बाजूने' किंवा 'विरोधात' अशी नोंद करता येते आणि घरबसल्या साक्षही देता येते. विधेयकाचा स्थानिक खर्च-अंदाज राज्याचं वाणिज्य खातं काउंट्यांना विचारून काढतं, आणि त्यासाठी हातात फार थोडे दिवस असतात. तुमच्या काउंटीने तो प्रश्न अनुत्तरित सोडला तर खर्च 'अनिश्चित' असा लिहिला जातो, आणि अनिश्चित खर्चाचं विधेयक अर्थसमितीत सहसा थांबतं. म्हणून सुनावणीत आरोग्य विभागाला हाही प्रश्न विचारा: हे आकडे तुमच्याकडे तयार आहेत का, आणि जानेवारीत ते कोण पाठवणार?